मोटारीच्या मागील आसावर घट्ट बसलेला चाकाचा तुंबा कसा काढावा

शेतमाल बाजारपेठेत पोहोचविणे, खते व बियाणे आणणे, पंपाचे सामान विहिरीपर्यंत नेणे इत्यादी कामांसाठी जुन्या बनावटीच्या जीपगाड्या अद्यापि वापरल्या जातात. त्यांची बरीचशी देखभाल घरच्या घरी अथवा गावातील कारागिराच्या साहाय्याने होऊ शकते. तथापि मागील ब्रेकचे जोडे बदलावयाचे असोत, आसातून झिरपणारे तेल थांबवावयाचे असो किंवा चाकाचे बेअरिंग बदलावयाचे असो, प्रत्येक वेळी चाकाचा तुंबा आसावरून उतरवावा लागतो. आणि नेमके याच कामी पुष्कळांची गाडी अडते. चाक निघते, मधला नट सुटतो, परंतु तुंबा जागचा हलत नाही. मग घण, पहार व शेगडी यांचा आश्रय घेतला जातो आणि एका लहानशा ऑइल सीलसाठी हाती घेतलेले काम आस, बेअरिंग व ब्रेक ड्रम या तिन्हींच्या नुकसानीवर येऊन थांबते. जॅकवरून गाडी घसरल्यास जीवितासही धोका पोहोचतो.

हे टाळणे अवघड नाही. तुंबा आसावर कशामुळे धरून राहतो हे एकदा नीट समजले, म्हणजे तो कोणत्या रीतीने सुटेल व कोणत्या रीतीने मुळीच सुटणार नाही, हे आपोआप ध्यानात येते.

बैलगाडीचा आस व मोटारीचा आस

बैलगाडीत आस स्थिर असतो व चाक त्यावर मोकळे फिरते. म्हणून तुंबा व आस यांच्यामध्ये वंगण घालावे लागते आणि चाक बाहेर येऊ नये म्हणून टोकाशी खीळ असते. खीळ काढली की चाक ओढून काढता येते. मोटारीच्या मागील आसाचे कार्य याहून निराळे आहे. तेथे इंजिनाची शक्ती आसामार्फत चाकाला मिळते. म्हणून आस व तुंबा यांनी एकजीव होऊन फिरणे आवश्यक असते. त्यांच्यामध्ये जरा जरी घसर राहिली, तरी जोडणी झिजू लागते. सारांश, बैलगाडीत जेथे मोकळेपणा हा गुण आहे, तेथे मोटारीत तो दोष ठरतो. बैलगाडीच्या अनुभवावरून केलेले उपाय या ठिकाणी का फसतात, याचे मूळ या भेदात आहे.

निमुळत्या आसाची पकड

अशा आसाचे बाहेरचे टोक निमुळते केलेले असते व तुंब्याचे छिद्रही त्याच प्रमाणात निमुळते असते. टोकावरील मोठा नट आवळला की तुंबा निमुळत्या भागावर आत सरकतो आणि पाचरीसारखा घट्ट बसतो. कुदळीचा दांडा हे याचे घरचे उदाहरण होय. दांड्याचे डोके जाड व खालचा भाग निमुळता असल्यामुळे कुदळ जितकी चालवावी, तितकी ती दांड्यावर अधिक घट्ट होते.

मोटारधंद्यात अशा टोकासाठी आठास एक हे प्रमाण प्रचलित आहे. म्हणजे आठ इंच लांबीमागे व्यासात एक इंच फरक पडतो. या हिशेबाने प्रत्येक बाजूचा उतार साडेतीन अंशांहून किंचित अधिक येतो. पोलादावर पोलाद आपोआप घसरू लागण्यासाठी साधारणतः आठ अंशांच्या आसपास उतार लागतो. त्यामुळे एकदा दाबून बसविलेला तुंबा नट काढल्यावरही स्वतः होऊन सुटत नाही. ही रचनेतील उणीव नसून तिचा हेतूच तो आहे.

आस व तुंबा यांच्या खाचेत पोलादाची एक लहान चावी बसविलेली असते. इंजिनाचा सर्व भार या चावीवर पडतो असा समज आढळतो. तो बरोबर नाही. मुख्य भार निमुळत्या पृष्ठभागांमधील घर्षण वाहते व चावी केवळ साहाय्य करते. नट सैल राहिल्यास मात्र सर्व भार चावीवर येतो आणि ती कापली जाते.

तुंबा नेहमीपेक्षा अधिक घट्ट होण्याची कारणे

पहिले कारण गंज. पावसाळ्यात ओढे व चिखल ओलांडताना पाणी नटाच्या बाजूने आत शिरते आणि वर्षानुवर्षे तुंबा न काढल्यास दोन्ही पृष्ठभाग गंजाने जखडले जातात. दुसरे कारण नट सैल असताना गाडी चालविणे. त्यामुळे पृष्ठभाग एकमेकांवर घासून ओरखडतात व धातू धातूला चिकटतो. तिसरे कारण निमुळत्या भागाला ग्रीस लावून तुंबा बसविणे. वंगणामुळे तुंबा प्रमाणापेक्षा आत सरकतो, त्यावर ताण येतो व पुढच्या वेळी तो काढणे अधिक कठीण जाते. चौथे कारण तुंब्यात नसून ब्रेकमध्ये असते. ड्रमच्या आतील बाजूस झिजून कडा तयार झाल्यास ब्रेकचे जोडे त्या कडेत अडकतात आणि तुंबा सुटूनही बाहेर येत नाही.

प्रथम आसाचा प्रकार ओळखावा

सर्व गाड्यांचे मागील आस सारखे नसतात. काम सुरू करण्यापूर्वी तुंब्याच्या मध्यभागी नीट पाहावे. तीन प्रकार संभवतात.

(१) मध्यभागी एकच मोठा खाचांचा नट व त्यात स्प्लिट पिन असेल, तर आस बहुधा निमुळता आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर नागरी वापरासाठी तयार झालेल्या विलीज जीपगाड्यांपैकी पुष्कळांत हीच रचना होती व जुन्या अमेरिकन मोटारींतही ती सर्रास आढळे. प्रस्तुत लेखातील पद्धती या प्रकारासाठी आहे.

(२) मध्यभागी झाकणासारखी चकती असून तिच्या कडेने लहान बोल्ट असतील, तर आस पूर्णपणे भारमुक्त आहे. महायुद्धातील लष्करी जीपचा मागील आस असा होता. यात गाडीचे वजन आसाच्या बाहेरील नळीवर असते. बोल्ट काढून आस बाहेर ओढता येतो आणि त्यानंतर आतील बेअरिंगचे नट काढले की तुंबा उतरतो.

(३) मध्यभागी नटही नाही व बोल्टही नाहीत, तर आस व त्याची चकती एकसंध आहे. यात वेगळा तुंबा नसतो. फक्त ड्रम काढावयाचा असतो.

पहिल्या व तिसऱ्या प्रकारांत गाडीचे वजन आसावरच येते. त्यामुळे आस मोडल्यास, अथवा पहिल्या प्रकारात नट निघून गेल्यास, चाक गाडीपासून सुटून जाऊ शकते. या कामातील निष्काळजीपणाची किंमत रस्त्यावर मोजावी लागते, ती अशी.

पूर्वतयारी

आवश्यक साहित्य पुढीलप्रमाणे : भक्कम जॅक, दोन लोखंडी स्टँड, चाकांना लावण्यासाठी लाकडी ठोकळे, नटाला अचूक बसणारा जाड बॉक्स पाना व लांब दांडा, चाकाच्या स्टडांवर बसणारा पुलर, मध्यम वजनाची हातोडी, गंज सोडविणारे तेल, तारेचा ब्रश, स्वच्छ फडकी, नवी स्प्लिट पिन व नवे ऑइल सील.

पुलर हे यातील प्रमुख साधन होय. त्याची चकती चाकाच्या स्टडांवर नटांनी आवळली जाते व मधला जाड स्क्रू आसाच्या टोकावर दाब देतो. ड्रमच्या कडेला नख्या अडकविणारा पुलर या कामी वापरू नये. ड्रम ओतीव लोखंडाचा असतो. कडेवर ताण पडताच तो वाकडा होतो किंवा तडकतो. प्रत्येकाने पुलर विकत घेण्याची आवश्यकता नाही. गावातील दोन-चार गाडीमालकांनी मिळून एक घेतल्यास किंवा तालुक्याच्या गावातील गॅरेजमधून तो मागून आणल्यास काम भागते.

गाडी कठीण व सपाट जमिनीवर उभी करावी. पुढील दोन्ही चाकांना मागून व पुढून ठोकळे लावावेत. केवळ हातब्रेकवर किंवा गिअरवर विसंबून राहू नये. पुष्कळ जुन्या जीपगाड्यांत हातब्रेक चाकांवर नसून प्रॉपेलर शाफ्टवर असतो. अशा गाडीचे एक मागील चाक उचलले की डिफरन्शियलमुळे उचललेले चाक उलट फिरते व जमिनीवरील चाक मोकळे होते. परिणामी हातब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते व जॅकवरून घसरते. हा धोका ठाऊक नसल्याने अपघात होण्याचा संभव असतो.

तुंबा काढण्याची रीत

(१) गाडी जमिनीवर असतानाच मधल्या नटाची स्प्लिट पिन काढावी व नट सैल करावा. चाकाचे नटही याच वेळी थोडे ढिले करावेत. काही जुन्या गाड्यांत, व त्यांत जुन्या जीपही आल्या, डाव्या बाजूच्या चाकांचे स्टड उलट्या आट्यांचे असतात. आटे कोणत्या दिशेचे आहेत हे पाहिल्यावाचून जोर लावू नये.

(२) गाडी जॅकने उचलून आसाच्या नळीखाली स्टँड द्यावेत. विटा व दगड यांचा आधार देऊ नये; ते भाराखाली अकस्मात फुटतात. स्टँड दिल्यावर गाडी हलकेच ढकलून ती स्थिर असल्याची खात्री करावी आणि मगच चाक काढावे.

(३) हातब्रेक मागील चाकांवर असल्यास तो सोडावा आणि ब्रेकचे जोडे जुळणीच्या बोल्टांनी आत घ्यावेत, म्हणजे ते ड्रमच्या कडेत अडकणार नाहीत.

(४) मधला नट पूर्णपणे काढू नये. तो आसाच्या टोकाशी समपातळीत येईपर्यंत मागे घ्यावा व तसाच राहू द्यावा. त्यामुळे आटे सुरक्षित राहतात. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ताणाखालील तुंबा सुटतो तेव्हा मोठ्या आवाजासह उडतो. नट जागेवर असल्यास तो त्याला अडवितो. नट काढून ठेवला असेल, तर जड ड्रमासह तुंबा समोरील माणसाच्या पायांवर येऊन आदळतो.

(५) आसाचे टोक व चावीची खाच यांवर गंज सोडविणारे तेल थोडथोडे सोडावे व काही तास मुरू द्यावे. तेल ब्रेकच्या अस्तरावर ओघळणार नाही याची दक्षता घ्यावी.

(६) पुलरची चकती गाडीच्याच चाकाच्या नटांनी सर्व स्टडांवर सारखी आवळावी. दोन-तीन स्टडांवरच काम भागवू नये. ओढ तिरपी पडते व तुंबा अधिकच जखडतो. मधला स्क्रू आसाच्या टोकाच्या नेमक्या मध्यावर टेकवावा व त्याच्या आट्यांना ग्रीस लावावे.

(७) स्क्रू हळूहळू आवळावा. चांगला ताण आल्यावर पुलरच्या दांड्याच्या टोकावर, तो वळण्याच्या दिशेने, हातोडीचा ठोका द्यावा. थोडे थांबून पुन्हा आवळावे व पुन्हा ठोका द्यावा. या कामाच्या वेळी तुंब्याच्या समोर उभे न राहता एका बाजूस राहावे आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये.

या साध्या साधनाचे बळ किती असते याचा अंदाज पुढील हिशेबावरून येईल. दांडा ५० सेंटिमीटर लांब असून स्क्रू एका फेऱ्यात २ मिलिमीटर पुढे जात असेल, तर हाताने सुमारे ३१४ सेंटिमीटर अंतर कापल्यावर स्क्रू ०·२ सेंटिमीटर सरकतो. म्हणजे बळ सुमारे १,५७० पट होते. यातील बहुतांश भाग स्क्रूच्या घर्षणात खर्च होतो; परंतु दहावा हिस्सा हाती लागला तरी २० किलोग्रॅमच्या जोराने ३ टनांहून अधिक ओढ निर्माण होते. घणाचा घाव क्षणभर टिकतो. पुलरची ओढ सतत टिकते व सरळ बाहेरच्या दिशेने असते. निमुळती पकड सुटण्यासाठी हीच ओढ लागते.

(८) एवढ्यानेही तुंबा न सुटल्यास पुलर ताणलेल्या अवस्थेत रात्रभर ठेवावा. ताण कायम असताना तेल हळूहळू आत शिरते व पुष्कळदा सकाळी एक-दोन ठोक्यांतच तुंबा सुटतो. मात्र अशा वेळी मधला नट जागेवर आहे व जवळपास कोणी झोपणार नाही, याची खात्री करावी.

कटाक्षाने टाळावयाचे उपाय

आसाच्या टोकावर घणाने ठोकू नये. त्याने टोक फुलते व आटे बिघडतात. शिवाय या प्रकारच्या जीपच्या आसांत दोन्ही बाजूंच्या दांड्यांमध्ये, डिफरन्शियलच्या आत, एक ठोकळा असतो. एका टोकावरील घाव त्या ठोकळ्यामार्फत पलीकडच्या दांड्यापर्यंत व तेथील बेअरिंगपर्यंत जातो. हे नुकसान त्या दिवशी दिसत नाही. काही दिवसांनी बेअरिंगच्या आवाजावरून ते प्रकट होते.

बैलगाडीच्या चाकावर धाव तापवून चढवितात, हे पाहून तुंबाही तापवून काढण्याचा मोह होतो. परंतु येथे ऑइल सील, ग्रीस, डिफरन्शियलचे तेल व ब्रेकचे द्रव ही सर्व जवळच असतात व ती पेट घेऊ शकतात. अति उष्णतेने आसाच्या पोलादाचे पाणीही उतरते. म्हणून गॅसची ज्योत किंवा शेगडी वापरू नये.

नट सैल ठेवून गाडी मैदानात वळणे घेत चालविली की तुंबा सुटतो, अशी एक युक्ती जुने चालक सांगतात. तीत चावी कापली जाण्याचा व चाकावरील ताबा सुटण्याचा धोका असल्याने ती अवलंबू नये. पुलरनेही तुंबा न निघाल्यास अधिक क्षमतेचा हायड्रॉलिक पुलर असलेल्या गॅरेजकडे गाडी न्यावी. अगदी शेवटचा उपाय म्हणून तुंबा कापावा लागला, तरी तो बदलता येतो. आस खराब होऊ देण्यापेक्षा ते बरे.

ब्रेकच्या धुळीविषयी इशारा

जुन्या ब्रेक-अस्तरांत ॲस्बेस्टॉस वापरलेले असे. त्याची सूक्ष्म धूळ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांचे असाध्य विकार व कर्करोग उद्भवतात आणि ते बहुधा अनेक वर्षांनंतर दिसून येतात. म्हणून ड्रम निघाल्यावर धूळ तोंडाने किंवा हवेच्या दाबाने उडवू नये व कोरड्या ब्रशाने झाडू नये. साबणाच्या पाण्याने ती भिजवून ओल्या फडक्याने पुसावी व फडके पिशवीत बंद करून टाकावे. तोंडावर योग्य मास्क असावा.

तपासणी

तुंबा निघाल्यावर नवे सील बसविण्याची घाई करू नये. निमुळता पृष्ठभाग, चावी, तिची खाच व आटे स्वच्छ करून उजेडात पाहावेत. चावीवर पायरीसारखा ठसा असल्यास ती बदलावी. खाचेच्या कोपऱ्यातून तडा गेलेला असल्यास आस किंवा तुंबा पुन्हा वापरू नये. बारीक ओरखडे सफाईदार कागदाने हलकेच काढावेत. कानशीने घासू नये. दोन्ही पृष्ठभाग नीट टेकतात किंवा नाही हे पाहण्यासाठी आसाच्या निमुळत्या भागावर निळ्या मार्किंग रंगाचा पातळ थर द्यावा व चावी न लावता तुंबा दाबून काढावा. रंग बहुतेक सर्वत्र सारखा उमटला, तर बसण ठीक आहे. तो एका टोकाशीच उमटला, तर तुंबा बदलणे इष्ट.

पुन्हा बसविणे

तुंबा बसविताना निमुळता भाग व छिद्र पूर्णपणे कोरडे व स्वच्छ असावे. काढताना वापरलेले तेल व तपासणीचा रंग पुसून टाकावा आणि ग्रीस मुळीच लावू नये. बैलगाडीच्या सवयीने येथे हात वंगणाच्या डब्याकडे वळतो, म्हणून ही सूचना विशेष ध्यानात ठेवावी. चावी निर्मात्याच्या पुस्तकात सांगितलेल्या रीतीने बसवावी.

नट प्रथम बेताने आवळून, चाक लावून, गाडी जमिनीवर उतरवावी व नंतर टॉर्क पान्याने पुस्तकात दिलेल्या मापापर्यंत तो आवळावा. हे माप समजण्यास सोपे आहे. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाशी २० किलोग्रॅम जोर दिला म्हणजे २० किलोग्रॅम-मीटर, अर्थात सुमारे १९६ न्यूटन-मीटर एवढा पीळ होतो. स्प्लिट पिनचे छिद्र जुळत नसल्यास नट मागे फिरवू नये. तो पुढेच आवळून छिद्र जुळवावे. पिन नेहमी नवी घालावी.

गाडी थोडे अंतर चालविल्यानंतर नटाचा पीळ पुन्हा पाहावा. तुंबा किंचित आत सरकलेला असण्याचा संभव असतो. पहिल्या दिवसाच्या कामानंतर तो आणखी एकदा पाहावा. ब्रेक जोड्यांची जुळणी व डिफरन्शियलमधील तेलाची पातळी तपासल्यावाचून गाडीवर माल लादू नये.

सारांश

निमुळती जोडणी दाबाने घट्ट होते व सरळ ओढीने सुटते. म्हणून आसाचा प्रकार ओळखावा, गाडी निर्धोक उभी करावी, मधला नट टोकाशी राहू द्यावा, स्टडांवर बसणाऱ्या पुलरने धीराने ओढ द्यावी आणि तुंबा कोरडा व स्वच्छ करून पूर्ण मापाने आवळावा. पावसाळा संपल्यानंतर, हंगामाची वाहतूक सुरू होण्यापूर्वी, हे काम विचारपूर्वक करून घेतल्यास ऐन सुगीत मालाने भरलेली गाडी रस्त्यात उभी राहण्याचा प्रसंग टळेल व गाडीत बसणारेही सुरक्षित राहतील.